मॉरिशसला जाताय? आधी वारा बघा

मॉरिशसला जाताना काय लक्षात ठेवू, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मॉरिशसचं ठरलं की ओळखीचे लोक मला फोन करतात, कारण काही वर्षं मी तिथे राहिले आहे. पहिला प्रश्न ठरलेला: "कुठला किनारा चांगला? हॉटेल कुठे घेऊ?" मी आधी महिना विचारते.

बेट लहान, उत्तर-दक्षिण जेमतेम 65 किलोमीटर. पण ते विषुववृत्ताच्या खाली आहे. आपल्याकडे पावसाळा लागतो तेव्हा तिथे हिवाळा असतो आणि आग्नेयेचा वारा जोर धरतो. जुलै-ऑगस्टमध्ये पूर्वेचा बेल मारचा किनारा फोटोत कितीही देखणा दिसला, तरी तिथे पाण्यात उतरावंसं वाटत नाही. त्याच दिवशी पश्चिमेला, डोंगरांच्या आडोशाला, फ्लिक-आँ-फ्लाकला लोक मजेत पोहत असतात. म्हणून त्या दिवसांत पश्चिम घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर्वेला खुशाल जा. माझ्या मते तो सगळ्यात उत्तम काळ. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस. इशाऱ्याचे चार टप्पे असतात आणि तिसरा लागला की बस बंद, सगळे घरात. तेव्हा हॉटेलवाले सांगतील ते निमूट ऐका. क्युरपिपसारख्या पठारावरच्या गावांत पाऊस आणि गारवा किनाऱ्यापेक्षा बराच जास्त, तेव्हा एक जाकीट बॅगेत असू द्या.

बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे, त्यामुळे आतलं पाणी उथळ आणि शांत. दक्षिणेला ग्री-ग्रीजवळ मात्र ते तुटलेलं आहे आणि उघडा समुद्र थेट किनाऱ्याच्या खडकांवर आदळतो. तिथे उभं राहून बघा, पाण्यात अजिबात जाऊ नका. बाकी ठिकाणीही रबरी बूट घालूनच उतरा. समुद्री साळिंदराचे काटे आणि दगडासारखे दिसणारे विषारी मासे पायाखाली येतात.

भारतीय पासपोर्टवर फिरायला जायला आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग हाताशी ठेवा, प्रवासाचा ऑनलाइन फॉर्म निघण्याआधी भरा. तिथल्या नातेवाइकांसाठी हापूसची पेटी नेऊ नका. फळं, रोपं, बियाण्यांबाबत तपासणी कडक आहे. फेब्रुवारी 2024 पासून यूपीआय आणि रुपे तिथे सुरू झालंय, तरी रस्त्यावरच्या ढोल पुरीसाठी मॉरिशसचे रुपये खिशात हवेत. (ती खाच. आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण शोभेल अशी डाळीची मऊ पोळी.) बस स्वस्त आहे आणि बहुतेक सगळीकडे जाते, पण खेड्यांकडच्या गाड्या संध्याकाळी लवकर संपतात. पोर्ट लुई ते क्युरपिप मेट्रो आहे. गाडी भाड्याने घेतलीत तर आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची.

एवढं लांब जाऊन सगळे दिवस हॉटेलच्या वाळूवर काढणारे लोक बघितले की मला मनापासून वाईट वाटतं. एक अख्खा दिवस पोर्ट लुईला द्या. तिथे आप्रवासी घाट आहे. 1834 पासून उसाच्या मळ्यांसाठी करारावर आणलेले लाखो भारतीय मजूर इथे उतरले. त्यांत मुंबई बंदरातून निघालेली कोकणातली माणसंही होती. त्यांच्या वंशजांच्या घरात आज क्रिओल ही फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली बोलली जाते, पण शाळेत मुलं मराठी शिकतात आणि कार्यक्रमांत जाखडी नाचली जाते. कुणी आडनाव सांगितलं तर गाव विचारा, बोलणं लांबतं.

गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. तेव्हा जाणार असाल तर पैसे बदलण्यासारखी कामं आधीच उरकून घ्या. आणि विसर्जनाच्या दिवशी परतीचं विमान असेल तर हॉटेलवरून नेहमीपेक्षा बरंच लवकर निघा, मिरवणुका समुद्राकडेच येतात.