दोन पायऱ्यांची मिसळ

एखाद्या हॉटेलाचं नाव निघालं की लोक विचारतात, तिथं काय छान मिळतं? मी विचारते, पायऱ्या किती? पुण्यातली खाण्याची ठिकाणं माझ्या डोक्यात पायऱ्यांच्या क्रमानं लागलेली आहेत. टिळक रस्त्याजवळचा शून्य पायऱ्यांचा डोसा, नारायण पेठेतली दोन पायऱ्यांची मिसळ, आणि जिथलं थालीपीठ खाल्ल्याशिवाय मरू नये असं सगळे सांगतात तो सतरा पायऱ्यांवरचा पहिला मजला. त्या थालीपिठाबद्दल मला मत नाही.

जाण्याआधी फोन करावा, तर त्याचीही एक भाषा आहे. ‘व्हीलचेअर येते का?’ म्हटलं की ‘येते की!’ हमखास.

‘पायरी आहे का?’

‘नाही मॅडम.’

‘एकही नाही?’

‘एकच आहे. छोटीशी.’

ही छोटीशी पायरी सहा इंचांपासून गुडघ्यापर्यंत कितीही असते. आणि ‘रॅम्प आहे’ असं सांगितलं, तर तो मागच्या बाजूला, मोरीशेजारी, सिलिंडर आणि बटाट्याची पोती आत घ्यायला केलेला असतो. त्या वाटेनं भटारखान्यातून मी जेवायला गेले आहे. (तेव्हापासून तिथली कोथिंबिरीची चटणी मी मागत नाही.)

पायऱ्या दिसल्या की ‘आम्ही उचलतो ना ताई!’ म्हणत चार पोरं धावतात. मनानं फार चांगली पोरं. पण हात घालतात ते नेमके हात टेकायच्या दांड्यांना, आणि माझ्या खुर्चीच्या दांड्या काढता-घालता येतात. एकदा दांडी पोराच्या हातात आणि मी निम्म्या पायरीवर. आता मी आधीच सूचना सुरू करते: एकानं मागच्या मुठी धरायच्या, एकानं समोरून खालची चौकट, खुर्ची मागं कलवायची, मोठी चाकं पायरीला टेकवायची आणि एकेक पायरी ओढायची. तोवर गल्ल्यावरचे मालक, बाहेर नंबर लावून उभी मंडळी, सगळे बघत असतात. पालखी निघाल्यासारखं वाटतं. फक्त टाळ नसतात.

आत बाकडी जमिनीला ठोकलेली. मग मी टेबलाच्या टोकाला, म्हणजे वेटरच्या वाटेत. ‘साइड, साइड!’ म्हणत सांबाराच्या वाट्या डोक्यावरून जातात. मेन्यू कार्ड मला मिळत नाही, बरोबरच्या माणसाला मिळतं. मागे माझा अकरा वर्षांचा भाचा बरोबर होता. वेटरनं त्याला विचारलं, ‘यांना काय देऊ?’ त्यानं गंभीर चेहऱ्यानं माझ्यासाठी दोन पावभाजी आणि तीन कोल्ड कॉफी सांगितल्या. त्या दिवसापासून तो माझ्याबरोबर यायला एका पायावर तयार असतो.

बाथरूमचं थोडक्यात सांगते. माझी खुर्ची 25 इंच रुंद आहे आणि मी टेप लावून पाहिलेली बहुतेक दारं 24 किंवा त्याहून कमी. म्हणून बाहेर जेवायचं त्या दिवशी दुपारपासून पाणी बंद.

कायद्याचं म्हणाल तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. लोकांसाठी खुली असलेली खासगी इमारतही त्यात येते. नियम 2017 मध्ये आले, जुन्या इमारतींना पाच वर्षांची मुदत मिळाली, ती 2022 मध्ये संपली. पायऱ्यांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही. रॅम्पला एक इंच उंचीमागे बारा इंच लांबी हवी. म्हणजे मिसळवाल्याच्या दोन पायऱ्यांच्या फूटभर उंचीला बारा फूट. त्यात फुटपाथ, त्यावरच्या दुचाक्या आणि निम्मा रस्ता जाईल, हे मलाही दिसतं.

त्यानं मात्र मला न विचारता जुन्या फळ्या ठोकून पाच फुटांची एक घसरगुंडी बनवली. चढ असा, की वर जाताना मागे दोघं लागतात आणि खाली उलटं उतरावं लागतं. पण ती आहे. एरवी गल्ल्यामागे उभी असते, आणि मी कोपऱ्यावर दिसले की कुणीतरी ओरडतं, ‘ताईंची फळी!’ त्याचा कट फार तिखट असतो, आणि माझं पाणी बंद असतं, हे काही मी अजून त्याला बोललेले नाही.

परवा गेले तर फळी आधीच लावलेली. म्हटलं, वा, आज ओरडावंही लागलं नाही! चाकांना हात घातला, तेवढ्यात मागून आवाज आला, ‘ताई, जरा बाजूला. आधी सिलिंडर जाऊ द्या.’