दोन याद्या आणि अकरा नावं

डिसेंबरचा पहिला सोमवार. विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागात माझ्या टेबलावर पुढच्या तीन महिन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा होता. चारच्या आत तो संचालकांच्या सहीला जायला हवा होता. सही झाली की जावक क्रमांक पडतो, परिपत्रक निघतं आणि मुख्य आवारातले विभाग, उपपरिसर, संलग्न महाविद्यालयं अशा सगळ्यांकडे रवाना होतं. आमचा उपपरिसर शेजारच्या जिल्ह्यात आहे. एसटीनं चार तास, आणि मधल्या थांब्यावर चालक जेवायला उतरला तर साडेचार.

हे काम मी एकोणीस वर्षं करते आहे आणि मला ते मनापासून आवडतं. 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की युवक महोत्सवाची धांदल सुरू होते. संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललित कला, पाचही प्रकारांच्या चिठ्ठ्या, वेळापत्रकं, संघव्यवस्थापकांच्या बैठका. मग सत्र परीक्षा. त्या संपत नाहीत तोच 22 डिसेंबरचा गणित दिन, 3 जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, 12 तारखेचा युवा दिन, आणि 14 ते 28 जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. फेब्रुवारीत 27 ला मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच 28 ला विज्ञान दिन. नाट्यगृह एकच. मराठी विभागाचं नेपथ्य रात्री अकराला उतरतं आणि सकाळी सहाला भौतिकशास्त्राची मुलं आपल्या प्रतिकृती घेऊन दारात उभी असतात. दरवर्षी मी शिपाईमामांना विनवून रात्रीच सभागृह झाडून घेते.

अकराच्या सुमारास फोन वाजला.

"मॅडम, उपपरिसरातून बोलतेय. एमएस्सी रसायनशास्त्र, दुसरं वर्ष. 18 तारखेचं विचारायचं होतं."

"कुठल्या कार्यक्रमाचं?"

"दोन्ही."

मला काही कळेना. मग ती म्हणाली, "मी लोकवाद्यवृंदात संबळ वाजवते," आणि चेहरा झटकन डोळ्यांसमोर आला. युवक महोत्सवात वेळ मोजायला मी रंगमंचाच्या बाजूला बसले होते. बाराजणांच्या त्या वाद्यवृंदात ही एकटी मुलगी संबळीवर. कमरेला बांधलेली दोन वाद्यं, एका हातात सरळ काठी, दुसऱ्या हातात टोकाला गोल वळवलेली. वाजवताना ती काठीकडे बघत नव्हती, समोरच्या हलगीवाल्याकडे बघत होती. संबळ वडिलांची आहे, ते गोंधळी आहेत, असं तिनं नंतर सांगितलं होतं. त्या संघाची 'इंद्रधनुष्य'साठी निवड झाली. राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांचा हा युवा महोत्सव 2003 पासून कुलपती कार्यालयाच्या पुढाकारानं होतो. त्याआधी आम्ही निवडलेल्या मुलांचं सात दिवसांचं सराव शिबिर मुख्य आवारात घेतो. शिबिर 18 तारखेला सुरू होणार होतं.

आणि 18 लाच 'आविष्कार'ची विद्यापीठस्तरीय फेरी होती. ही संशोधन स्पर्धा 2006 पासूनची. मानव्यविद्या ते कृषी, अभियांत्रिकी, औषधनिर्माण असे सहा गट. आधी भित्तिपत्रक मांडायचं, त्यातून निवड झाली की परीक्षकांसमोर सादरीकरण. या वर्षी आम्ही आग्रहानं ही फेरी उपपरिसराला दिली होती. तिकडच्या मुलांनी दर वेळी पहाटेची एसटी धरून का यावं, एकदा इकडच्यांनी तिकडे जावं, म्हणून.

"प्रकल्प कशावर आहे गं?"

"आमच्या गावातल्या बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असायला नको. आमच्या शाळेजवळच्या बोअरला तीनच्या पुढे निघालं. लहान पोरांचे दात पिवळे आहेत, मॅडम. चौदा बोअरचे नमुने मी स्वतः आणलेत." मग आवाज खाली गेला. "सरांना विचारलं तर ते म्हणाले, एक काहीतरी सोडून दे. कोणतं सोडू, हे विचारायला फोन केला."

पाच मिनिटांनी सांगते, असं म्हणून मी फोन ठेवला आणि मसुदा पुढ्यात ओढला. चूक माझ्या हातातच होती. डाव्या रकान्यात 'सांस्कृतिक', उजव्या रकान्यात 'शैक्षणिक'. डावा रकाना आमच्या नस्तीतून, उजवा संशोधन विभागाकडून जसा आला तसा. डावीकडे 18 डिसेंबर चौथ्या ओळीत, उजवीकडे दुसऱ्या. एकोणीस वर्षं मी असेच रकाने पाडले. नाचणारी, वाजवणारी मुलं वेगळी आणि प्रयोगशाळेतली वेगळी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच कागदावर तसं मांडून ठेवलं होतं.

मग मनात आलं, ही एकटीच असेल कशावरून? शिबिराची यादी माझ्याकडे होती. आविष्कारची यादी मागायला मी स्वतः वरच्या मजल्यावर गेले, पेनड्राइव्हवर घेऊन आले. नावं जुळवण्यात अर्थ नसतो. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी, 'वैष्णवी'ची स्पेलिंगं पाच तऱ्हेची. म्हणून पीआरएनवर, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायम नोंदणी क्रमांकावर, दोन्ही याद्या एक्सेलमध्ये लावल्या. जुळला क्रमांक की ओळ पिवळी. एक झाली, तीन झाल्या, सहा झाल्या. शेवटी अकरा पिवळ्या ओळी. समूहनृत्यातल्या तिघी वनस्पतिशास्त्राच्या. मूकाभिनयातला एक वाणिज्यचा. शास्त्रीय गायनाला निवडलेली मुलगी औषधनिर्माणशास्त्राची. मी खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

संशोधन विभागाला तारीख हलवता येणार नव्हती. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांची पत्रं गेली होती आणि राज्यस्तरासाठी नावं पाठवण्याची मुदत डोक्यावर होती. त्यांचं म्हणणं रास्त होतं. म्हणजे हलायचं ते आमच्या शिबिरानं. संचालकांकडे गेले, तेव्हा ते पत्रिकेचीच वाट बघत होते. मी मसुदा न देता अकरा नावांचा कागद पुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"शिबिर पुढे ढकललं तर सराव दोन दिवसांनी कमी होईल का?"

"नाही सर. वसतिगृहाच्या खोल्या दोन दिवस पुढे मिळाल्या, तर सातचे सातच राहतील."

"आणि प्रशिक्षक?"

"बोलते."

प्रशिक्षक निवृत्त नाट्यशिक्षक, परगावचे. त्यांनी तिकिटं काढून ठेवली होती. मी सगळं सांगितलं. थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "संबळ नसेल तर त्या वाद्यवृंदाला मी शिकवू काय? वीसला येतो." वसतिगृह अधीक्षकांनी आधी नाही म्हटलं, मग खोल्या दिल्या; तिथं फार वेळ गेला नाही. प्र-कुलगुरूंच्या मान्यतेची टिप्पणी मी उभ्या उभ्याच लिहिली. सही झाली तेव्हा पावणेसहा वाजले होते आणि जावक विभागातल्या बाईंनी माझ्यासाठी रजिस्टर उघडं ठेवलं होतं.

परिपत्रक पोचायला दोन दिवस लागले असते, म्हणून अकराही जणांना मी फोन करायला घेतले. संबळवाली तर फोनवरच रडायला लागली. "मॅडम, मी आविष्कार सोडायचं ठरवलं होतं. आईला सांगूनसुद्धा झालं होतं." बाकीचेही कोणी तसेच अडकले होते, कोणाच्या अजून लक्षातच आलं नव्हतं.

नववा फोन ढोलकीवाल्या मुलाचा. बीएस्सी दुसरं वर्ष, सोयाबीनवरच्या किडीचा प्रकल्प.

"मॅडम, मी आठ दिवसांपूर्वीच आविष्कारमधून नाव काढून घेतलं."

"यादीत तर आहे तुझं."

"अर्ज दिलाय. यादी जुनी असेल."

मी पुन्हा वर गेले. खरंच, अर्ज दाखल झालेला होता आणि त्या जागी त्याच्या महाविद्यालयानं दुसरं नाव दिलेलं होतं. दुसऱ्या मुलाचं नाव खोडून याचं घाला, असं मी कोणाला म्हणणार होते? परत फोन केला आणि जमत नाही, असं सांगितलं. तुला आधी कोणाला विचारावंसं वाटलं नाही का, असंही विचारलं.

"मला वाटलं, दोन्हीपैकी एकच करता येतं," तो म्हणाला. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता.

ती संध्याकाळ मला जड गेली. घरी जाण्याआधी मी पत्रिकेचा नवा साचा केला. सांस्कृतिक, शैक्षणिक हे रकाने काढून टाकले. उभं तारखांचं, आडवं ठिकाणांचं: मुख्य आवार, उपपरिसर, महाविद्यालयं. प्रत्येक ओळीपुढे त्या दिवशी कोणत्या कार्यक्रमाला कुठली मुलं नेमलेली आहेत, ते पाहण्यासाठी पीआरएनचा रकाना. तो परिपत्रकात जात नाही, आमच्याकडेच राहतो.

20 तारखेला शिबिर सुरू झालं. संबळवाली आदल्या रात्रीच्या गाडीनं आली होती. तिचं भित्तिपत्रक पुढच्या फेरीसाठी निवडलं गेलं होतं. दुपारी नाट्यगृहातून संबळीचा आवाज माझ्या टेबलापर्यंत यायला लागला, तसं काम बाजूला ठेवून मी दारात जाऊन उभी राहिले. चहाच्या सुट्टीत ढोलकीवाला मुलगा माझ्याजवळ आला. चिकटपट्ट्या लावलेली बोटं, शर्टाला घामाचा वास.

"मॅडम, पुढच्या वर्षीची आविष्कारची तारीख कधी कळेल?"

मी त्याचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला.