पेन्झान्सचा ज्युबिली पूल

आज अखेर पेन्झान्सच्या ज्युबिली पूलमध्ये उतरले. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरचा हा पोहण्याचा उघडा तलाव, पाणी थेट समुद्राचं. पहिल्या पायरीलाच श्वास अडकला, इतकं गार! शेजारी एक आजीबाई मात्र निवांत पोहत होत्या. म्हणाल्या, "मी इथेच पोहायला शिकले. आई त्या पायऱ्यांवर टॉवेल घेऊन बसायची." बोट दाखवलं त्या पायऱ्या अजून तशाच आहेत, पांढऱ्या, कडा गोल झालेल्या. मी बराच वेळ तिकडेच बघत राहिले.

१९३५ मध्ये राजा पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाला २५ वर्षं झाली, तेव्हा हा बांधला. आकार त्रिकोणी, लाटांचा मार सोसावा म्हणून. तरी २०१४ च्या वादळाने पार मोडून टाकला होता. गावाने हट्टच धरला आणि २०१६ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. आता एका कोपऱ्यात जमिनीखालच्या उष्णतेने तापवलेलं पाणीही आहे, २०२० पासून. आजीबाई तिकडे फिरकल्यासुद्धा नाहीत.

निघताना त्यांनी विचारलं, "उद्या येणार ना?" गाडीचं तिकीट सकाळचं होतं. बदललं.