पिंगला उत्तर कोणी दिलं?

सोमवार, रात्री साडेअकरा

आजची अख्खी सकाळ एकाच एरर मेसेजसमोर गेली. व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कात जाण्याची सुरक्षित वाट) जोडलेलं, हिरवी खूण समोर, आणि रिमोट डेस्कटॉप, म्हणजे ऑफिसचं मशीन घरून चालवायची सोय, मात्र उघडायला तयार नाही. पासवर्ड विचारण्यापर्यंतसुद्धा गाडी जात नव्हती. महिनाअखेरीचा अहवाल ऑफिसच्या मशीनवर आणि मी घरी. जीव टांगणीला लागला होता.

नेहमीचे उपाय करून झाले. मशीन स्लीपमध्ये गेलं असेल म्हणून ऑफिसातल्या मैत्रिणीला बघायला सांगितलं, तर ते चालू होतं. आयटीतल्या सरांनी पिंग करायला लावलं, म्हणजे मशीनला छोटे संदेश पाठवून उत्तर येतं का ते बघायला. १९२.१६८.१.२४ या त्याच्या पत्त्याकडून चारही उत्तरं आली. "मॅडम, पिंग जातंय म्हणजे नेटवर्क ठीक आहे. रिमोट डेस्कटॉपचं दार, ३३८९ पोर्ट, फायरवॉलने अडवलं असणार," ते म्हणाले. तासभर आम्ही दोघं त्या फायरवॉलच्या, म्हणजे नको ती ये-जा अडवणाऱ्या पहारेकऱ्याच्या, मागे लागलो. तिथे काहीच नव्हतं.

दुपारी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जोडलं आणि क्षणात माझा डेस्कटॉप समोर! म्हणजे दोष घरातच होता. मग सकाळच्या पिंगचे आकडे पुन्हा पाहिले: २ मिलिसेकंद, ३ मिलिसेकंद. एरवी व्हीपीएनमधून जाऊन यायला ४०-५० लागतात. इतक्या जवळून कोण बोलत होतं?

घरच्या वायफायवर परत येऊन एआरपीचा तक्ता काढला, म्हणजे घरच्या नेटवर्कात कुठला नंबर कुठल्या उपकरणाचा याची लॅपटॉपकडची यादी. २४ नंबरपुढचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) घेतला, प्रिंटर उलटा केला, खालच्या स्टिकरवरची धूळ पुसली आणि बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं. बाराच्या बारा जुळली. सकाळपासून मला माझाच प्रिंटर उत्तर देत होता.

काल नवा राउटर बसवला होता. जुना १९२.१६८.० ची रेंज वापरायचा, नवा १९२.१६८.१ ची, आणि ऑफिसचीही नेमकी तीच. हे खाजगी पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या दस्तऐवजाने कोणीही आपापल्या नेटवर्कात वापरावेत म्हणून राखून ठेवलेत, त्यामुळे दोन ठिकाणी तेच आकडे येणं अगदी साहजिक. लॅपटॉपच्या लेखी २४ नंबर घरातच होता. त्याने पॅकेट, म्हणजे पाठवायचा डेटा, टनेलमध्ये (व्हीपीएनच्या वाटेवर) टाकलंच नाही. हिरवी खूण खोटी नव्हती, टनेल खरंच उभं होतं, फक्त माझं काही त्यातून जात नव्हतं.

राउटरचा लॅन (घरच्या नेटवर्कातला) पत्ता १९२.१६८.५७.१ केला, म्हणजे घरची रेंज ऑफिसहून वेगळी झाली. प्रिंटर पुन्हा जोडायला लागला, तेवढंच. सरांनाही सगळं सांगितलं, कारण ऑफिसचं नेटवर्क अशा सर्रास आढळणाऱ्या रेंजवर ठेवणं मला चुकीचंच वाटतं. उद्या आणखी कोणी नवा राउटर घेतला की त्याचीही सकाळ अशीच जाणार. त्यांनी लिहून घेतलं.

संध्याकाळी लॉगिन झालं तेव्हा शुक्रवारी अर्धवट सोडलेली शीट तशीच उघडी होती, कर्सर त्याच रकान्यात. अहवाल आत्ता पाठवला.