ओपन सोर्स नकाशांची निविदा आणि ‘उत्पादकाचं पत्र’

माझ्या या निविदेतलं काम सीमाभागातल्या एका संस्थेच्या ऊसक्षेत्राच्या नकाशांचं होतं. शेतात चिटबॉयच्या (ऊसनोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) मोबाइलवर क्यूफील्ड हे नोंदीचं ॲप, ऑफिसात क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर, मागे नकाशांचा डेटा साठवणारा पोस्टजीआयएसचा डेटाबेस. ईएमडी (निविदेची अनामत रक्कम), जीएसटी, उलाढालीचा दाखला, कन्नडमधले प्रपत्र, सगळं विनातक्रार बसलं. अडलं ते एका कलमावर: ‘मूळ उत्पादकाचं अधिकारपत्र जोडावं.’ ते नसेल तर तांत्रिक पाकीट बाद, आणि दराचं पाकीट उघडतच नाही.

संगणक किंवा पंप घेताना हे कलम ठीक आहे. क्यूजीआयएसला मात्र असा एक मालकच नाही. २००२ साली गॅरी शर्मन यांनी सुरू केलेला हा प्रकल्प पुढे शेकडो जणांनी वाढवला. परवाना जीपीएल हा ओपन सोर्स परवाना, म्हणजे वापरायचा, बदलायचा, पैसे घेऊन बसवून द्यायचा हक्क सगळ्यांना आधीच मिळालेला आहे. मग अधिकारपत्र द्यायचं कुणी? खरेदी विभागाचा प्रश्न ठरलेला: ‘बिघडलं तर धरायचं कुणाला?’ प्रश्न रास्त आहे, पण हे पत्र त्याचं उत्तर देत नाही.

उलट असं पत्र सहज मिळतं ते एकाच कंपनीच्या ताब्यातल्या सॉफ्टवेअरचं, आणि धोका तिथंच जास्त. मॅपबॉक्स जीएल जेएस ही वेब-नकाशांची लायब्ररी (तयार कोडचा संच) आधी ओपन सोर्स होती. डिसेंबर २०२० मध्ये दुसरी आवृत्ती आली ती कंपनीच्या बंद परवान्यावर. जुन्या कोडवरून मॅपलिब्रे उभं राहिलं, म्हणून लोकांची सोय झाली. हे एवढंसं उदाहरण पटवायला जितकी डोकेफोड करावी लागली, तितकी अख्ख्या डेटाबेसला लागली नाही.

काही जण वैतागून स्वतःच्याच लेटरहेडवर ‘उत्पादक’ म्हणून सही ठोकतात. तसं करू नका. खोटं घोषणापत्र ठरलं की ईएमडी जाते आणि नाव काळ्या यादीत पडतं. कलम बदलून घ्यायची जागा एकच, प्री-बिड म्हणजे निविदा भरण्याआधीची बैठक. तिथं तोंडी बोलून भागत नाही. लेखी हरकत द्यायची आणि सोबत पर्यायी मजकूर तयार करून द्यायचा. साहेब नवं कलम स्वतः लिहीत बसत नाहीत. माझ्या मजकुरात चार गोष्टी होत्या: प्रत्येक घटकाचं नाव, आवृत्ती आणि परवान्याची प्रत; देखभालीची जबाबदारी निविदाकाराची आणि दुरुस्तीला उशीर झाला तर दंड; सगळा डेटा जिओपॅकेज या खुल्या फाइल-स्वरूपात आणि लिहिलेला कोड संस्थेच्या ताब्यात; आणि केंद्राच्या २०१५ च्या ओपन सोर्स धोरणाची प्रत. ते धोरण अशा संस्थेवर बंधनकारक नाही, पण फाइलवरच्या टिपणीला आधार मिळतो. शुद्धिपत्रक निघालं तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

दरपत्रकात लायसन्सच्या ओळीत शून्य लिहून गप्प बसू नका, नाहीतर ‘फुकटचं आहे, मग एवढे पैसे कशाचे?’ हे ऐकावं लागतं. उभारणी, डेटा भरणं, प्रशिक्षण आणि वार्षिक देखभाल अशा वेगळ्या ओळी करा. धंदा टिकतो तो शेवटच्या ओळीवर. क्यूजीआयएसची दीर्घ मुदतीची आवृत्ती वर्षाला एक येते, पोस्टजीआयएस ज्यावर चालतं त्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं आधार असतो. ही अपग्रेडं, बॅकअप खरंच परत चढतो का याची तपासणी आणि नव्या माणसांचं प्रशिक्षण देखभालीत धरा. त्यातलाच थोडा वाटा मूळ प्रकल्पांना द्या. हे दान समजू नका. २०१८ मध्ये बऱ्याच कंपन्या-संस्थांनी वर्गणी काढून जीडॅल, प्रोज आणि लिबजिओटिफ या पायाभूत लायब्रऱ्यांमध्ये वेगवेगळं सांभाळलं जाणारं निर्देशांक प्रणालींचं (जागेचं स्थान आकड्यांत सांगायच्या पद्धतींचं) काम एकत्र आणलं. २०१९ मध्ये प्रोज ६ आणि जीडॅल ३ आले, आणि त्यावर उभ्या क्यूजीआयएस, पोस्टजीआयएसलाही फायदा झाला. तसंच आपण केलेली दुरुस्ती मूळ प्रकल्पात पाठवा. स्वतःजवळ ठेवली तर दर आवृत्तीला पुन्हा चिकटवत बसावं लागतं.

हे आधी सांगायला हवं होतं: शेपफाइल हे नकाशाच्या डेटाचं जुनं फाइल-स्वरूप टाळा. तिच्यात रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरी किंवा कन्नडचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, त्यामुळं ‘सर्व्हे नंबर’चं तीन चिन्हांत शेपूट तुटतं. जिओपॅकेजमध्ये रकान्याचं नाव साधं ठेवून मराठी आणि कन्नड लेबल क्यूजीआयएसच्या उपनावात, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या नावात द्या.

क्षेत्रफळ काढताना आपल्या भागासाठी यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत (तिचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३) रूपांतर करूनच काढा. अक्षांश-रेखांशात साठवलेल्या आकृतीचं क्षेत्रफळ थेट विचारलं तर पोस्टजीआयएस चौरस अंशांत उत्तर देतं. आणि मोबाइलच्या जीपीएसवर गुंठ्यांचा वाद मिटवू नका. वीस गुंठ्यांचा प्लॉट साधारण ४५ मीटर बाय ४५ मीटर. चारही बाजू तीन-तीन मीटर बाहेर गेल्या तर तोच पंचवीस गुंठ्यांच्या वर दिसतो. करारातच लिहून घ्या की हे मोजमाप ऊसनोंदीपुरतं आहे, हद्दीसाठी नाही.