वेग की फिनिशिंग?

शनिवार, रात्री उशिरा

पुतण्याशी आज पुन्हा जुंपली. वाद फुटबॉलचा: स्ट्रायकरला, म्हणजे गोल करायला पुढे खेळणाऱ्याला, वेग हवा की फिनिशिंग, म्हणजे गोलसमोर बॉल नेमका आत घालण्याची हातोटी? त्याचं म्हणणं, इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये स्ट्रायकरला पळता आलं की पुरे. तिथले डिफेंडर जड, त्यांच्या मागे लांब बॉल टाकायचा आणि सुटायचं. पुरावा अर्थातच जेमी व्हार्डी.

व्हार्डी मलाही आवडतो. स्टॉक्सब्रिज या छोट्या क्लबकडून आठवड्याला 30 पौंडांवर खेळणारा, दिवसा कारखान्यात राबणारा पोरगा. 2011-12 मध्ये फ्लीटवुड क्लबसाठी पाचव्या स्तरावरच्या लीगमध्ये 31 गोल ठोकले आणि लेस्टर क्लबने त्याच्यासाठी दहा लाख पौंड मोजले. पण पुढचा हंगाम पुतण्या सोयीस्करपणे विसरतो. चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या स्तरावरच्या लीगमध्ये, वर्षभरात चार गोल! पाय तेच होते की. त्यानंतरच्या मोसमात 16 झाले, ते काही एका उन्हाळ्यात वेग वाढला म्हणून नव्हे. माझ्या मते गोलसमोरची घाई कमी झाली.

माझा माणूस स्ट्रायकर रिकी लॅम्बर्ट. मध्यंतरी बीटरूटच्या कारखान्यात काम केलेला, पळण्यात अगदीच बेताचा. तरी 2009-10 मध्ये साउदॅम्प्टनकडून लीग वनमध्ये (तिसरा स्तर) 30 गोल. क्लबसाठी 34 पेनल्टी मारल्या, 34 आत. 2013 मध्ये, एकतिसाव्या वर्षी, इंग्लंडकडून पहिल्यांदा उतरला आणि स्कॉटलंडविरुद्ध पहिल्याच स्पर्शाला हेडरने गोल!

अर्थात तो बॉक्समध्ये, म्हणजे गोलपुढच्या चौकटीत, नुसता वाट बघत उभा राहणारा नव्हता. खाली येऊन बॉल अंगावर घ्यायचा, दुसऱ्याला सोडायचा आणि मग सावकाश नेमक्या जागी पोचायचा. प्रतिस्पर्धी दहा जण मागे घेऊन बसला की वेगवान पोराला पळायला जागाच उरत नाही. लॅम्बर्टला तेव्हाही काम असायचं.

पुतण्याचा एक मुद्दा मात्र खोडता आला नाही. वेग आणि फिनिशिंग दोन्ही असलेला स्ट्रायकर लीग टूमध्ये (चौथा स्तर) राहीलच कशाला? वरचे क्लब उचलतात. आणि उचलताना ते वेग बघतात, कारण तो शिकवून येत नाही. फिनिशिंग घोटून घेऊ म्हणतात. म्हणजे पोरगा विकून पैसे करायचे असतील तर पळणारा घ्यावा. मला मात्र हंगामाच्या 46 सामन्यांत वरच्या लीगमध्ये चढायचंय, तर लॅम्बर्टच द्या.

"मग अकिनफेन्वा कुठे बसवतोस, काका?" म्हणाला. अकिनफेन्वा म्हणजे खालच्या लीगमधला स्ट्रायकर, शंभर किलोंच्या वरचा गडी, वेगाचं नाव नको, आणि तरी कारकिर्दीत दोनशेवर गोल. तोही माझ्याच बाजूला, असं ठोकून दिलं. पटलेलं दिसलं नाही.