देवबागचं ऊन, इचलकरंजीचं कापड

आमच्या वर्कशॉपमध्ये येणारा प्रत्येक जण आधी भिंतीवरच्या एका निळ्या कागदापाशी थांबतो. वहीच्या पानाएवढाच आहे तो. त्यावर मर्यादवेलीच्या पानाची पांढरी छाया आहे आणि तिच्या कडेला माझ्या लेकीच्या अंगठ्याची. तेव्हा ती पाचवीत होती. वाऱ्याने पान उडू नये म्हणून तिने ते भर उन्हात अंगठ्याने दाबून धरलं होतं.

ही २०१६ च्या मे महिन्यातली गोष्ट. सासूबाई, दीर-जाऊ, पोरं मिळून आम्ही नऊ जण फोंडा घाट उतरून मालवणजवळच्या देवबागला गेलो होतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. तिथल्या एका काकूंच्या घरी चार दिवस उतरलो. मी तेव्हा शाळेत चित्रकला शिकवायचे. दुपारच्या उन्हात पोरं समुद्रावर पळू नयेत, म्हणून घरूनच रसायन लावलेले कागद काळ्या पिशवीत घालून नेले होते.

ही पद्धत सायनोटाइपची. इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ती शोधली आणि पुढच्याच वर्षी वनस्पतींच्या अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी समुद्री शेवाळांचे ठसे याच पद्धतीने घ्यायला सुरुवात केली. इंजिनिअर मंडळींची जुनी ब्लू प्रिंटही हीच. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड पाण्यात विरघळवून कागदाला लावायचं, अंधारात वाळवायचं, वर पान ठेवून उन्हात धरायचं. ऊन लागेल तिथला पोपटी रंग राखाडी होत जातो. मग पाण्यात धुतलं की पानाखालचं रसायन वाहून जातं आणि बाकीचं निळं होतं.

काकूंच्या विहिरीवर आम्ही बादलीत तो पहिला कागद बुडवला. पिवळसर पाणी सुटलं आणि पोरांच्या डोळ्यांदेखत निळा रंग वर आला. काकू म्हणाल्या, "तुमका व्हयी तितकी पाना घेवन जावा!" आणि स्वतःच नीरफणसाचं पान घेऊन आल्या. हातभर लांब, खोल कातरलेलं. ते आमच्या कागदावर मावेना. यांनी बॅगेतून जुनी सुती लुंगी काढली आणि म्हणाले, "कापडावर होत नाही का गं हे?"

इचलकरंजीत आमच्या घरी आठ यंत्रमाग. घरात कापड भरपूर, पण ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडावर रसायन धरेना. सायझिंगची, म्हणजे विणण्याआधी सुताला लावलेली खळ पूर्ण निघाल्याशिवाय ते धाग्यात मुरत नाही, हे कळायला दोन महिने गेले. मग आमच्या बोअरच्या जड पाण्याने निळा फिका पडू लागला. त्यावर उपाय सासूबाईंनी सांगितला, पहिल्या पाण्यात लिंबू पिळायचं. तो आजही चालू आहे. रात्री पिवळ्या मंद दिव्यात कापडाला रसायन लावायचं आणि दुसऱ्या दिवशी अकरा ते दोनच्या उन्हात काचेखाली ठसे घ्यायचे, असा आमचा क्रम बसला. मे महिन्यात काम झटपट होतं, डिसेंबरात तेवढ्याच निळ्यासाठी खूप वेळ थांबावं लागतं. पावसाळ्यात ठसे बंद, तेव्हा फक्त शिवण.

पहिल्या मोठ्या खेपेत आम्ही ३२ स्टोल विकले आणि महिनाभरात फोन येऊ लागले. निळा जाऊन पिवळट झालाय म्हणून. सोडा असलेल्या धुण्याच्या पावडरीने हा रंग मरतो, हे मला माहीत होतं, पण गिऱ्हाइकांना सांगायचं राहिलं होतं. चूक सर्वस्वी माझी. सगळ्यांचे पैसे परत केले. आता प्रत्येक कापडाला चिठ्ठी शिवलेली असते: रिठ्याच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा.

पुढे एका हॉटेलकडून एकाच नक्षीच्या चारशे पडद्यांची ऑर्डर आली. इतकी एकसारखी पानं कुठून आणणार? डिजिटल छपाईचा नमुना करून पाहिला. दिसायला छान होता, पण त्या कापडाला ऊनही लागलेलं नव्हतं आणि पानही. दोन रात्री आम्ही बोललो आणि आगाऊ रक्कम परत केली. तेव्हा मागांचं कर्ज चालू होतं, त्यामुळे निर्णय सोपा नव्हता. तरी तो बरोबरच होता, असं मला आजही वाटतं.

पानं आणायला आम्ही दरवर्षी देवबागलाच जातो. सुरूच्या काड्या, उंडीची पानं, माडाची कोवळी झावळी, सगळं काकूंच्या आवारातलं. मर्यादवेलीची मात्र दोन-चारच पानं खुडतो, वेल उपटत नाही. किनाऱ्याची वाळू तीच धरून ठेवते. समुद्रातलं काहीच आणत नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं. दोन दिवस काकूंचा फोन लागला नाही. लागला तेव्हा त्या आधी नीरफणसाबद्दलच बोलल्या. झाड मुळासकट आडवं झालं होतं, त्यांच्या सासऱ्यांनी लावलेलं. आमच्याकडे त्या झाडाच्या पानांचे ठसे असलेला एक अख्खा पडदा विकायचा ठेवला होता. वाट सुरू झाल्यावर आम्ही तो घेऊन गेलो. काकूंनी तो ओसरीच्या दारात लावला आणि कितीतरी वेळ हाताने त्याच्यावरच्या शिरा चाचपत उभ्या राहिल्या.

नीरफणसाच्या मुळांना धुमारे फुटतात. जुन्या खड्ड्याच्या कडेला तसाच एक फुटला आणि आता तो माझ्या डोक्याच्या वर गेलाय. गेल्या मे महिन्यात काकूंनी त्याचं पहिलं पान आम्हाला दिलं. लेक आता कॉलेजात आहे. तिनेच ते काचेखाली ठेवलं, घड्याळ लावलं आणि ऊन सरकेल तशी काच फिरवत राहिली. तो ठसा विकायचा नाही, असं ठरलंय. पुढच्या खेपेला तो देवबागला जाईल.